बाळंतिणीची अक्कलदाढ

चौथीपर्यंत शाळा झाली आणि पुढचं सगळं शिक्षण लोकांच्या तोंडात झालं. दारव्ह्याला एका दातांच्या दवाखान्यात मी कामाला होते. आधी मोठे डॉक्टर होते, मग त्यांची सून आली. तिला आम्ही मॅडम म्हणायचो. दवाखान्यातली बाई म्हणजे झाडू मारणारी, असं लोकांना वाटतं. झाडू मी मारलाच. पण अवजारं उकळणं, चुळीचं भांडं धुणं, नंबर लावणं, फोन उचलणं आणि घाबरलेल्या माणसाचं डोकं धरणं हेही माझंच काम. डोकं धरणं सोपं नाही. आवळून धरलं तर माणूस अजून घाबरतो, ढिलं धरलं तर उठून पळतो. एक माणूस तर गळ्यातल्या कागदी फडक्यासकट पळाला होता आणि बसस्टँडवर सापडला होता.

आमच्या जिल्ह्यात कापूस शेतात असतो, भाव येईपर्यंत घरात पलंगाखाली असतो, आणि आमच्या दवाखान्यात तो तोंडात असायचा. दाढेवर कापसाचा बोळा ठेवला की माणसाला नेमकं तेव्हाच बोलायचं सुचतं. त्यामुळे मला एक बोली आली, जी शाळेत शिकवत नाहीत. ‘आंई’ म्हणजे पाणी. ‘उंकू या’ म्हणजे थुंकू द्या. डोळे मोठे करून नुसतं ‘ऊं’ म्हणजे मॅडमचा हात धरा. मॅडम एवढ्या शिकलेल्या, पण त्यांनाही कधी कधी मला विचारावं लागायचं, ‘मावशी, हे काय म्हणतात?’ मी सांगायची. आता ही काही सांगण्यासारखी हुशारी नाही, पण माझ्याकडे होती ती ही.

मला लिहायचं आहे ते पोटुशी बायांबद्दल आणि बाळंतिणींबद्दल. त्या आमच्याकडे कधी आपणहून आल्या नाहीत. कळ ओढून आणायची तेव्हाच यायच्या, आणि सोबत सासू असायची. सासूचं पहिलं वाक्य ठरलेलं.

‘दोन जिवाची हाय. हात नोका लावू बरं.’

‘मग आणली कायले वं? आमाले दाखवाले?’

मॅडम मला डोळ्यांनी दटावायच्या. पण खरं ते खरं.

दुसरी गंमत म्हणजे पहिले तीन महिने कोणी सांगतच नाही. नजर लागते म्हणे. खुर्चीत बसलेली नवी नवरी नुसती खाली मान घालून बसते. मग मॅडमच्या आधी मीच पाण्याचा ग्लास देता देता कानाशी विचारायची, ‘बाई, काही हाय काय? औषध द्यायचं हाय, म्हणून विचारून राह्यलो.’ डॉक्टरला हे आधी सांगितलंच पाहिजे. त्यावरून गोळी ठरते, दाताचा एक्स-रे काढायचा की नाही ते ठरतं. नजरेपेक्षा चुकीची गोळी वाईट.

पोट असताना हिरड्यांतून रक्त का येतं, ते मॅडमनी मला सांगितलं होतं. मी माझ्या भाषेत सांगते. त्या दिवसांत बाईचं सगळं अंगच बदलतं, तशा हिरड्याही हुळहुळ्या होतात. एरवी जेवढ्या घाणीनं काही होत नाही, तेवढ्यानं त्या सुजतात. ब्रश लावला की लाल पाणी येतं. बाई घाबरते आणि ब्रश लावणं सोडते. मग घाण वाढते, सूज वाढते, अजून रक्त येतं. म्हणजे जे करायला हवं तेच बंद होतं. मऊ ब्रश घ्यावा, हळू घासावं, पण सोडू नये. रक्त थांबत नसेल तर येऊन दाखवावं. त्यात लाजायचं काय?

ओकारी झाली की लगेच दात घासू नयेत. पोटातलं आंबट पाणी दातावर आलेलं असतं, त्यावर घासलं की दात झिजतो. आधी नुसत्या पाण्यानं चूळ भरावी, थोडं थांबावं, मग घासावं. सकाळी ब्रश तोंडात घातला की पोट ढवळत असेल तर दुपारी घासा. राळेगावकडची एक सून दुपारी चारला अंगणात ब्रश घेऊन बसायची, तर सासू आमच्याकडे तक्रार घेऊन आली, ‘तुमच्या मॅडमनं माह्या सुनेले येडी केली. माणसं चहा पितात तेव्हा ही मंजन करते!’ मी म्हटलं, ‘मंजनच करते ना? चोरी तं नाही करत?’

पुढच्या महिन्यांत बाईला खुर्चीत पार उताणं करता येत नाही, चक्कर येते. म्हणून मी जुन्या लुगड्याची एक जाड घडी ठेवली होती. ती उजव्या कुशीखाली सरकवली की बाई जराशी डावीकडे कलते आणि तिला बरं वाटतं. एकदा एका पोरीला असं नीट झोपवलं, मॅडमनी सुई हातात घेतली, आणि मागं धप्पकन आवाज आला. नवरा पडला होता. मग त्याला बाकावर घातलं, आणि सातवा महिना लागलेली ती पोरगी पदरानं त्याला वारा घालत म्हणते, ‘मावशी, याले आधी पाहा, मी थांबतो.’

सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे ‘एका लेकराले एक दात’. लेकरू पोटात आईचे दात खातं, असं आमच्याकडे सगळ्या म्हणतात. मलाही तीन लेकरं आणि तीन दात गेलेले, त्यामुळे मी ते खरंच मानत होते. मॅडम म्हणाल्या, ‘मावशी, लेकरू दात खात नाही हो. कीड खाते, आणि हिरडीची सूज पाडते.’ मी म्हटलं, ‘हे माह्या वेळी सांगाले काय झालतं?’ तर म्हणतात, ‘तेव्हा मी पहिलीत होते, मावशी.’ माझे तीन दात गेले ते गेले. हळहळ वाटते, पण त्याचं रडगाणं काय गायचं?

आता निकिताची गोष्ट सांगते.

बोरी अरबच्या पलीकडे बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथली ही पोरगी. सासर पुसदकडे. ओकाऱ्यांनी हैराण झाली म्हणून आईनं पाचव्या महिन्यातच माहेरी आणलेली. आईचं नाव जमनाबाई. धिप्पाड बाई, पोटात माया आणि तोंडात फटाके. आपसात त्या मायलेकी त्यांच्या गोरबोलीत बोलायच्या, आमच्याशी आमच्यासारखं. निकिता आईला ‘याडी’ म्हणायची. पहिल्यांदा आल्या तेव्हा पोरीच्या हिरड्या सुजलेल्या होत्या, आणि खाली डाव्या बाजूला अक्कलदाढ अर्धीच वर आली होती. अशा दाढेवर हिरडीचं एक झाकण राहतं. त्याच्याखाली अन्न जाऊन बसतं आणि कुजतं. मॅडमनी सगळं साफ केलं. लहान मुलांचा असतो तसा छोटा मऊ ब्रश दिला, म्हणजे मागपर्यंत पोचावा आणि ओकारीही येऊ नये. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. म्हणाल्या, ‘दाढेनं त्रास दिला तर लगेच या. नाही दिला तर बाळंतपणानंतर निवांत काढू.’

जमनाबाई ब्रश हातात धरून म्हणाली, ‘घ्या! लेकराच्या आधी लेकराचा ब्रश आला घरी.’

पण पोरगी गुणाची होती. रोज घासायची. आठव्यात दाखवायला आली तेव्हा रक्त थांबलेलं होतं, सूज उतरली होती. मॅडम खूश, मी खूश. मग बाळंत झाल्याचा निरोप आला, मुलगी झाली, सगळं नीट.

आणि एका सकाळी दवाखान्याचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडून कोणी दात न उघडताच बोलत होतं. दुसऱ्या कोणी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवून दिला असता. मी म्हटलं, ‘हळू बोल बाई, मले समजते.’ तसं ते सावकाश आलं. ‘माऊशी. निकिता. दाऽ. तोंऽ उघत नाई. याडीनं बश नेला.’ दाढ, तोंड उघडत नाही, याडीनं ब्रश नेला.

पुढचं कळायच्या आत फोन जमनाबाईनं हिसकला. तिचा आवाज एरवी फोनशिवाय दारव्ह्याला पोचावा असा. त्या दिवशी तो दबका होता.

‘मावशी, पोरीले धनुर्वात झाला. जबडा बसला तिचा. ताप हाय. काई खात नाही.’

‘दवाखान्यात नेली?’

‘नाई नेत. नेऊ नाई शकत.’ आणि फोन बंद.

मॅडमचा हात एका माणसाच्या तोंडात होता. मी सांगितलं तसा तो हात थांबला. त्या म्हणाल्या, ‘मावशी, अक्कलदाढ पिकली असेल तरी तोंड उघडत नाही. पण धनुर्वात नसेलच, असं न बघता मी म्हणणार नाही. तुम्ही ऑटो करा. तिथून मला फोन लावा. श्वासाला त्रास असेल, गिळता येत नसेल, मान-पाठ ताठ असेल, तर इकडे आणूच नका, सरळ यवतमाळला मोठ्या दवाखान्यात घेऊन जा.’ मी तेच शब्द रस्ताभर घोकत गेले.

तांड्यावर पोचले तर दार लावलेलं. आत ओव्याच्या धुरीचा धूर. निकिता बाजेवर, डोक्यावरून कानांवरून हनुवटीखाली फडकं करकचून बांधलेलं, नुसते डोळे आणि नाक दिसत होतं. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आमच्याकडे असं बांधतातच. मलाही बांधलं होतं. तान्हं पोर जमनाबाईच्या मांडीवर, तोंडात बाटली. ते बाटली घेत नव्हतं, मान फिरवून रडत होतं. आणि निकिताच्या पोलक्याची पुढची बाजू दुधानं ओली झालेली.

‘पाजत काऊन नाई तिले?’

‘धनुर्वाताचं दूध लेकराले पाजू काय?’ जमनाबाई म्हणाली. ‘तोडलं मी काल. नातीले तरी वाचवतो.’

मग तिनं सांगितलं. तिची मोठी बहीण घरीच बाळंत झाली होती. बरी होती, हिंडत-फिरत होती, आणि एक दिवस जबडा बसला. ताप चढला. बैलगाडीत घालून न्यायला काढली, ती रस्त्यातच गेली. जमनाबाई तेव्हा लहान होती, गाडीमागं पळत गेली होती. ‘उंबऱ्याबाहेर काढली म्हणून गेली,’ ती म्हणाली. ‘कच्च्या अंगाले वारं लागलं. माही पोरगी मी बाहेर काढत नाई, मावशी.’

‘आणि ब्रश काऊन नेला?’

‘बाळंतिणीचे दात कच्चे राह्यते. सव्वा महिना बोटानंच घासा लागते. ब्रश लावला तं सारे हालते. तुले माहीत नाई काय? तूही बाळंत झाली असशील ना?’

आता हिच्यावर चिडावं कसं? बाई पोरीला रोज शिरा, डिंकाचे लाडू, तूप-गूळ करून घालत होती. अर्ध्या रात्री उठून गरम करून देत होती. तेच गोड त्या अर्ध्या दाढेच्या झाकणाखाली जाऊन बसत होतं, आणि ते काढणारा ब्रश तिनंच मायेनं उचलून ठेवला होता.

मी डॉक्टर नाही. धनुर्वात मला ओळखता येत नाही. मी मॅडमला फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. त्या विचारत गेल्या. पाणी गिळते का? गिळत होती, दुखत होतं पण जात होतं. मान खाली वाकते का? वाकली. पोट, पाठ कडक? नाही. झटके? नाही. लेकरू पोटात असताना धनुर्वाताच्या सुया घेतल्या होत्या? निकितानं मान हलवली, घेतल्या.

‘एक गाल सुजलाय का?’ मॅडमनी विचारलं.

मी जमनाबाईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला माहीतच नव्हतं.

‘फडकं सोड,’ मी म्हटलं.

‘नाई सोडत.’

‘जमनाबाई, दार लावलेलं हाय, शेगडी पेटलेली हाय. कुठून येईन वारं? माह्या तोंडातून?’

ती हलली नाही. मग मीच गाठ सोडली. तीन वेढे होते. शेवटचा वेढा निघाला तसा वास आला. तो वास मला झोपेतही कळेल, आयुष्यभर तोच धुतला मी. डावा गाल फुगून तकतकीत झाला होता, हात लावला तर तव्यासारखा गरम. उजवा गाल अगदी साधा. जमनाबाईनं ‘अरे माय’ म्हटलं आणि मांडीवरचं लेकरू गोधडीवर ठेवलं. रोज डोक्यावर हात फिरवत होती, पण गाल तिनं पाहिला नव्हता.

‘घेऊन या,’ मॅडम फोनवर म्हणाल्या. ‘आत्ता. पोरालाही आणा. मी बघते, आणि मला शंका आली तर इथूनच माझ्या गाडीनं यवतमाळला नेऊ.’

जमनाबाई उठून दारात उभी राहिली. केवढी बाई, सगळं दार भरलं.

‘बाहेर काढली आन काई झालं तं?’

‘तं मले शिव्या दे, जल्मभर दे. पण घरात ठेवली आन काही झालं तं कोणाले देशीन?’

ती हटली नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या अशा समोरासमोर उभ्या असताना निकिता बाजेवरून उठली. गोधडीवरचं लेकरू उचललं. तोंडानं बोलता येत नव्हतं म्हणून असेल, पण तिनं आईच्या दंडाला हात लावून तिला बाजूला केलं, एखादा पडदा बाजूला करावा तसं. उंबरा ओलांडला आणि ऑटोत जाऊन बसली. जमनाबाई मागून पळाली, पायात चपला नव्हत्या.

दवाखान्यात मॅडमनी आधी सगळं तपासलं. मग म्हणाल्या, ‘दाढच आहे.’ तोपर्यंत मी मनात बैलगाडीच पाहत होते.

तोंड एक बोटभरही उघडत नव्हतं. सुई देऊन, थोडं थांबून, मॅडमनी ते हळूहळू उघडलं. झाकणाखाली पाणी मारलं तसा पू आला. मी भांडं धरलं होतं. पू निघाला तशी पोरीच्या कपाळावरची आठी सुटली. दाढ तेव्हा काढली नाही, सूज उतरल्यावर नंतर काढली. औषधं लिहिताना मॅडम जमनाबाईला म्हणाल्या, ‘या गोळ्यांनी दुधाला काही होत नाही. पाजू द्या तिला. पाजलंच पाहिजे, नाहीतर छातीत गाठी होतील, तिथंही ताप येईल.’

‘आता?’

‘आत्ता.’

मी खुर्चीची पाठ वर केली, लुगड्याची घडी कोपराखाली दिली, आणि लेकरू निकिताजवळ दिलं. दातांच्या खुर्चीत बसून लेकराला पाजताना मी त्याआधी कोणाला पाहिलं नव्हतं. आधी पोर रागावलेलं होतं, तोंड फिरवत होतं. मग एकदाचं लागलं, आणि असं प्यायलं की घोटांचा आवाज बाहेर बाकापर्यंत येत होता. बाहेर नंबरवाले बसले होते, त्यातल्या एकानं विचारलं, ‘आत कोण हाय बाप्पा? लय वेळ लागून राह्यला.’ मी म्हटलं, ‘जिले एकही दात नाही ती हाय. बस गुमान.’

मॅडमनी निकिताला सांगितलं ते सगळ्यांनी ऐकावं असं आहे. बाळंतिणीचे दात कच्चे होत नाहीत. पहिल्या दिवसापासून ब्रश लावायचा, उलट रात्री लाडू खाऊन झाल्यावर जास्त लावायचा. लेकराच्या हिरड्याही ओल्या स्वच्छ फडक्यानं पुसायच्या. आणि पुढं चमचा आपल्या तोंडात घालून लेकराला भरवायचं नाही. आपली कीड त्याच्याकडं जाते.

आत पाजणं चाललं होतं तेव्हा जमनाबाई बाहेर माझ्याजवळ बाकावर येऊन बसली. सोडलेलं फडकं तिच्या हातात होतं, त्याच्या घड्या घालत होती, मोडत होती.

‘मावशी,’ ती म्हणाली, ‘माह्या बहिणीलेही दाढच होती काय वं?’

मी लोकांना सडेतोड बोलते, सगळे ओळखतात मला. जीभ लगेच उत्तर देते. त्या वेळी दिलं नाही. घरातलं बाळंतपण, सुया नाहीत, धनुर्वातच असेल. किंवा नसेल. ‘मले नाई माहीत,’ मी म्हटलं. ‘एक गाल सुजला होता काय तिचा?’

‘कोणं पाह्यलं?’ ती म्हणाली. ‘फडकं बांधलेलं होतं. कोणी सोडलंच नाई. तसंच नेलं, अन तसंच जाळलं.’

मी उठून तिला चहा आणला. तिनं तो निम्मा प्यायला, निम्मा मला दिला.

जायची वेळ झाली. थंडीचे दिवस होते, संध्याकाळचं गार सुटलं होतं. निकिता लेकरू घेऊन ऑटोत बसली, कान उघडे. जमनाबाई फडकं हातात धरून बाहेरच उभी. बांधू की नको, तिला कळत नव्हतं. मॅडमकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एवढी मोठी बाई, फडकं धरून लहान पोरीसारखी उभी राहिली.

‘बांध वं,’ मी म्हटलं. ‘गार हाय, कान झाक तिचे. पण रोज सोडून पाहत जाय.’